सगळ्यात दुर्लक्षित चांगुलपणा कोणता? कानाडोळा!

तुम्ही विचारलंय की रोजच्या आयुष्यातला असा कुठला चांगुलपणा आहे ज्याची कोणी दखलच घेत नाही. दार धरून ठेवणं, बसायला जागा देणं वगैरे सगळं ठीक आहे, पण ते दिसतं आणि त्याला थँक्यू मिळतं. माझं उत्तर आहे कानाडोळा. बिचाऱ्या शब्दाची फुकट बदनामी झालीये, बातम्यांत तो नेहमी कोणाच्या तरी निष्काळजीपणाबद्दलच येतो. पण आपला भर रस्त्यात पोपट झालेला असताना समोरच्याने न पाहिल्यासारखं करणं, यापेक्षा मोठे उपकार माझ्यावर तरी फार कमी लोकांनी केलेत.

मध्यंतरी समोरून एक बाई हसत हसत हात हलवत येत होती. मी पण हलवला, आणि नुसता नाही, टाचा उंचावून, "अगं कित्ती दिवसांनी" एवढं तोंडातून निघून पण गेलं, आणि ती मला ओलांडून माझ्या मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या गळ्यात पडली. आता वर गेलेल्या हाताचं काय करायचं? मी तो केसांवर नेला, तिथून कानावर आणला, कानातलं चाचपलं. कानातलं त्या दिवशी घातलंच नव्हतं. बाजूला एक मुलगा उभा होता, त्याने सगळं पाहिलं, शंभर टक्के पाहिलं, कारण त्याचा गाल थरथरत होता. पण पठ्ठ्या लगेच समोरच्या कोऱ्या भिंतीकडे असा बघायला लागला की जणू तिच्यावर त्याचा रिझल्ट लागलाय. बाबा रे, जिथे असशील तिथे सुखी राहा.

याच्या जवळपासच्या वागण्याला शास्त्रात नाव पण आहे बरं का. एर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली आलेल्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलंय, मराठीत आपण त्याला सभ्य दुर्लक्ष म्हणू. अनोळखी माणसं एकमेकांकडे क्षणभर बघतात, म्हणजे तू इथे आहेस हे मला कळलं, आणि लगेच नजर काढून घेतात, म्हणजे तुझ्या भानगडीत मला नाक खुपसायचं नाही. लिफ्टमध्ये सगळे बदलत्या आकड्यांकडे इतकं मन लावून बघतात ते यामुळेच असणार, नाहीतर तीननंतर चार येणार यात सस्पेन्स काय आहे.

आता कोणी म्हणेल की लोक मुद्दाम कानाडोळा करत नाहीत, त्यांचं लक्षच नसतं. हे पण खरं आहे. थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात एक भारी प्रयोग केला होता, २००० साली छापून आला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा असलेला टी-शर्ट घालायला लावला, कॉलेजच्या पोरांना घालायची लाज वाटेल असा, आणि इतर पोरं बसलेल्या खोलीत पाठवला. नंतर विचारलं, किती जणांना कळलं असेल टी-शर्टवर कोण आहे ते? घालणाऱ्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास, आणि खरंच कळलं होतं साधारण चौथ्या हिश्श्याला. म्हणजे आपण ज्या फजितीपायी रात्री दोन वाजता उशीत तोंड खुपसतो ती बघणारे आपल्याला वाटतात त्याच्या निम्मेच असतात. पण माझं म्हणणं त्या उरलेल्या चौथ्या हिश्श्याबद्दल आहे. त्यांना दिसलं होतं. तरी ते गप्प बसले तर ते पुण्य नाही का?

फसलेल्या जोकवर हसणं पण मी याच खात्यात धरते. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकाने लोक खरोखर कधी हसतात याच्या बाराशेएक नोंदी गोळा केल्या होत्या, त्यात निघालं की बहुतेक हसू जोकवर येतच नाही, "बरं मग भेटू" असल्या साध्या वाक्यांवर येतं. आपण विनोदाला कमी आणि माणसाला जास्त हसतो. माझ्या बाबांचा एक जोक आहे, तो ते गेली वीस वर्षं सांगतायत आणि दरवेळी शेवटची ओळ आधी सांगून टाकतात. सगळे हसतो. त्यांच्या जोकला मला ती चार्ली डग्लसची पेटी पाहिजे. हा अमेरिकन टीव्हीचा साउंड इंजिनियर, १९५० च्या दशकात त्याने एक मशीन बनवलं, बटणं दाबली की पाहिजे तसा हशा, हळू खिदळण्यापासून गडगडाटापर्यंत. मशीनला कुलूप, आत काय आहे ते कोणाला दाखवायचा नाही. मालिकेतल्या त्या रेकॉर्डेड हशाला सगळे नाकं मुरडतात, मी पण मुरडायचे, पण घरात माझा आवाज बसलेला असला की मला त्या पेटीची आठवण येते.

मोबाईलला मात्र कानाडोळा उशिरा जमला. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आधी ७ मिनिटांत करावा लागायचा, २०२२ मध्ये ती मुदत दोन दिवस बारा तास झाली. पण त्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ उरतेच ना. म्हणजे आपण पडल्याचं कोणी बघितलं नाही पण "इथे एक बाई पडली होती" अशी पाटी लागली. मी एकदा "साहेब आज परत सुरू झालेत" हे मैत्रिणीऐवजी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं, ज्यात साहेब होते. डिलीट केलं, पाटी लागली. तेवढ्यात एका सहकाऱ्याने फटाफट चार मेसेज टाकले, फाइल मिळाली का, कुठली फाइल, अच्छा ती, ओके, स्वतःच प्रश्न स्वतःच उत्तर, आणि पाटी वर सरकून गेली. त्याबद्दल तो आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही. साहेब पण नाही, आणि त्यांनी वाचलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

आता कानाडोळा कुठे करायचा नाही ते पण सांगते. दातात काहीतरी अडकलंय, पँटची चेन उघडी आहे, ड्रेसचं लेबल बाहेर लटकतंय, इथे बाजूला घेऊन कानात सांगायचं. माझा साधा हिशोब आहे, जे दोन मिनिटांत निस्तरता येतं ते सांगायचं आणि जे होऊन गेलंय ते दिसलंच नाही. एकदा चेन उघडी ठेवून मी अख्खं प्रेझेंटेशन दिलं होतं आणि सगळ्यांनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं, त्या सभ्यतेला मी अजून शिव्या देते.

आणि एक शेवटचं. एका वेटिंग रूममध्ये मला एकदा भयंकर रडू आलं होतं, कारण जाऊ दे, पण आवाज दाबून धरता येईना इतकं. शेजारच्या खुर्चीवर एक काका होते. त्यांनी काही विचारलं नाही, बघितलं नाही, उठून दूर पण गेले नाहीत, नुसते मान खाली घालून मोबाईलवर अंगठा फिरवत बसले, चांगला पाव तास. माझं रडणं जरा ओसरल्यावर नाक पुसता पुसता सहज नजर गेली तर त्यांचा मोबाईल बंद होता. काळ्या स्क्रीनवर अंगठा फिरवत होते.

मी पण ते बघितलंच नाही.