गेम बनवायचाय? आधी सापशिडी मोडू द्या

कराडहून एका आईने लिहिलंय: मुलगा दहावीत आहे, गेम डिझायनर व्हायचं म्हणतो. एका क्लासने दीड लाख फी सांगितली, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप वेगळा. पैसे भरावेत का? आणि सरकारने गेमवर बंदी आणलीये ना, मग यात भवितव्य काय?

ताई, नमस्कार.

बंदीचं आधी सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. गेम बनवण्यावर बंदी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली भारतीय पुराणकथांवर बेतलेला 'राजी' काढला. तसलं काम करायला कोणी अडवत नाही.

फी मात्र इतक्यात भरू नका. लॅपटॉपही राहू द्या. घरात सापशिडीचा जुना पट असेल तर तो काढा.

सापशिडीत खेळणारा काहीच ठरवत नाही. फासा सांगेल तसं सरकायचं. चिरंजीवांना एकच नियम बदलायला सांगा: दोन फासे टाकायचे आणि त्यातला हवा तो एकच आकडा घ्यायचा. समजा, सोंगटी २१ वर आहे, २५ वर सापाचं तोंड आहे आणि फासे पडले ४ आणि २. आता तो विचार करेल. मात्र चार डाव झाले की लक्षात येईल, साप फारसे चावतच नाहीत, खेळ मिळमिळीत झालाय. मग तो साप वाढवेल, किंवा सगळ्यात मोठी शिडी सापांच्या गर्दीत नेऊन ठेवेल. पुन्हा खेळेल, पुन्हा बदलेल. गेम डिझाइन म्हणतात ते हेच, चित्रं आणि कोड नंतर येतात.

पुढची पायरी अवघड आहे. नियम कागदावर लिहायचे, घरातल्या कोणाच्या तरी हातात द्यायचे आणि ते खेळत असताना तोंड मिटून बसायचं. 'अगं, तसं नाही!' म्हणायला जीभ नुसती वळवळते. पण गेम विकत घेणाऱ्याच्या शेजारी बनवणारा बसलेला नसतो. समोरचा जिथे अडला तिथे नियम चुकलाय, माणूस नाही. माझ्याकडे येणाऱ्या हुशार मुलांपैकी बरीच इथेच रुसतात.

एवढं जमलं की स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं साधन. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठी आणलेलं, फुकट, ब्राउझरमध्ये चालणारं. साधा कॉम्प्युटर पुरतो. त्यात त्याने फक्त एक उडी बनवावी. उडी मारताना वरचा वेग १२ द्यायचा आणि दर फेरीला त्यातून १ वजा करायचा. पडद्यावरचं स्क्रॅचचं मांजर १२, ११, १० करत एकूण ७८ पावलं वर जाईल आणि तशीच खाली येईल. १ ऐवजी २ वजा केले तर जेमतेम ४२, मांजर एकदम जड वाटायला लागेल. कोणती उडी हाताला बरी वाटते, हे त्याने दहा आकडे बदलून शोधावं. गणित कशाला हवं, हा प्रश्न तो परत विचारणार नाही.

नंतर गोडो नावाचं इंजिन, म्हणजे पूर्ण गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट.

शिक्षणाचं म्हणाल तर दहावीनंतर गणित सोडू नये, प्रोग्रामिंगच्या वाटेने जायचं असेल तर नक्कीच नाही. डिझाइनकडे ओढा असेल तर बारावीला कोणत्याही शाखेतून यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते. ती आयआयटी मुंबई घेते आणि तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या बी. डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदवीचा, प्रवेश तिच्यातूनच होतो. पदवीनंतर एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा एम. डेस. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला काम मिळतं ते बहुधा टेस्टिंगचं, म्हणजे एकाच भिंतीवर दोनशे वेळा आपटून बघायचं, आरपार जातंय का. त्याला हेही आत्ताच सांगून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याच्याकडून एक पट आणि एक स्क्रॅचचा गेम पुरा होऊ द्या. अर्धवट दहा नकोत. झाले तर मला पुन्हा लिहा, क्लासच्या फीबद्दल तेव्हा बोलू. आणि पत्र त्याला स्वतःला लिहू द्या, पटाचे नियमही सोबत धाडायला सांगा. मी खेळून बघेन.