नाताळाचे झाड आणि घरातील मांजर

प्रश्न : आम्ही वसईला राहतो. दर वर्षी डिसेंबरमध्ये पाच फुटी प्लास्टिकचे नाताळाचे झाड उभे करतो आणि त्याच्या पायथ्याशी येशूजन्माचा गोठा मांडतो. यंदा घरात आठ महिन्यांची मांजरी आहे आणि ती पडद्यांवर, कपाटांवर सर्रास चढते. झाड अंगावर पडून तिला इजा होईल अशी भीती वाटते. यंदा झाड मांडूच नये का? (एक वाचक, वसई)

उत्तर : झाड अवश्य मांडा. ते पडण्याची आपली भीती रास्त असली, तरी त्यावरचा उपाय सोपा आहे. झाड सोफा, टेबल किंवा कपाट यांच्यापासून दूर, कोपऱ्यात ठेवावे, म्हणजे मांजराला त्यावर झेप घेण्यासाठी उंच जागा मिळत नाही. बुंध्याचा वरचा भाग मजबूत दोरीने खिडकीच्या गजाला किंवा भिंतीतील हुकाला बांधावा. पहिले दोन-तीन दिवस झाड सजावटीविना तसेच ठेवावे. त्यामुळे मांजराचे कुतूहल बरेचसे शमते आणि ते कुठून चढू पाहते हेही आपल्याला कळते. काचेचे गोळे शक्यतो टाळावेत. लाकडी आणि कापडी वस्तू खालच्या फांद्यांवर घट्ट बांधाव्यात, पण त्यांसाठी तारेचे आकडे वापरू नयेत.

मला अधिक काळजी वाटते ती चंदेरी झिरमिळ्यांची. हलणारी, चकाकणारी, लोंबती वस्तू दिसली की मांजर ती पकडून चावणारच. त्याच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणे त्याला जमत नाही आणि तो गिळला जातो. अनेकदा त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठर आतड्याला मिळते त्या तोंडाशी अडकून राहते आणि उरलेला दोरा आतडे पुढे ढकलत राहते. मग परकराची नाडी ओढल्यावर नेफ्याचे कापड चुण्या पडून गोळा व्हावे, तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत आतून कापू लागतो. वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही, तर आतड्याला छिद्र पडून पोटात जंतुसंसर्ग पसरतो आणि मांजर दगावू शकते. म्हणून ज्या घरात मांजर आहे, तिथे झिरमिळ्या झाडाच्या शेंड्यालाही लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भेटवस्तूंच्या रिबिनी, जरीचे दोरे आणि काही दिवसांनी संक्रांतीला घरात येणारा पतंगाचा मांजा यांनाही हेच लागू आहे.

मांजर वारंवार ओकू लागले, खाणे सोडून कोपऱ्यात दडून बसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तरी तो ओढू नये. आत ताणलेला दोरा ओढल्याने आतडे चिरते. दोरा उतरावा म्हणून तूप किंवा तेल पाजणे आणि उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी देणे, हे दोन्ही घरगुती उपाय मांजराला अपायच करतात.

दिव्यांच्या माळांची वायर भिंतीलगत नेऊन प्लास्टिकच्या नळीत बंद करावी आणि रात्री किंवा बाहेर जाताना पिन काढून ठेवावी. मांजराने वायर चावली, तर त्याला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. तोंड भाजलेले दिसले नाही आणि मांजर हिंडूफिरू लागले, तरी निर्धास्त राहू नये, कारण विजेच्या धक्क्यानंतर काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठू शकते. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास नजरेआड होते. सजावटीचे खोके वर्षभर माळ्यावर असते आणि त्यात कुणीतरी डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. त्यांतील नॅफ्थॅलीन मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करते. म्हणून खोके मांजराच्या समोर उघडू नये. गोळ्या मोजून काढाव्यात आणि सामान उन्हात ठेवून वास गेल्यावरच घरात आणावे.

गोठ्याजवळ किंवा जेवणाच्या टेबलावर फुले ठेवणार असाल, तर पुष्पगुच्छात मिळणारी कर्ण्याच्या आकाराची मोठी लिली घरात आणूच नये. तिचे पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले पराग, इतकेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात आणि लक्षणे ठळक दिसेपर्यंत उपचारांची वेळ बहुधा टळलेली असते. झेंडू किंवा गुलाब ठेवावेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत खरे फरचे झाड आणतो. त्याच्या सुया आणि पॉइन्सेटियाची लाल पाने मांजराला विषारी असतात का? (एक वाचक)

उत्तर : पॉइन्सेटियाची भीती अवाजवी आहे. तिच्या चिकाने तोंडाची आग होते, लाळ गळते, क्वचित उलटी होते. जीव सहसा जात नाही. फरच्या सुयांनी पोट बिघडते, तेव्हा त्या रोज झाडून घ्याव्यात. झाडाच्या स्टँडमधील पाण्यात मात्र ताजेपणा टिकवणारी पूड घालू नये आणि ते पाणी झाकून ठेवावे, कारण साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि मांजरे तेच पाणी पितात. पाइन तेलाचे सुगंधी डिफ्युझर टाळावेत. अशा तेलांतील काही घटकांचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार अपुरी असते. अमेरिकेत एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेचे प्राणी-विषबाधा केंद्र चोवीस तास सल्ला देते. त्याचा आणि जवळच्या रात्रपाळीच्या प्राणी-रुग्णालयाचा क्रमांक झाड घरी आणण्याआधीच फोनमध्ये नोंदवावा. फोन करताना मांजराचे वजन आणि त्याने चावलेल्या वस्तूचे वेष्टण हाताशी असावे.