हँडलच्या जुन्या मशीनवर तुकड्यांची गोधडी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातलं हाताने फिरवायचं जुनं शिलाई मशीन हाती लागलंय, त्यावर तुकडे जोडून गोधडी करायची आहे. पण उजवा हात हँडलवर अडकल्यावर कापड सांभाळायचं कसं? की सरळ इलेक्ट्रिक मशीन घ्यावं?

इतक्यात घेऊ नका. एक गोधडी याच मशीनवर जोडून बघा, मग ठरवा. माझ्याकडे मोटरचं मशीन आहे, कपडे मी त्याच्यावरच शिवते. तुकडे जोडायचे असले की मात्र हँडलचं मशीन टेबलावर येतं, आणि यात जुन्या वस्तूंचं प्रेम वगैरे काही नाही. या कामाला ते खरंच जास्त सोयीचं पडतं.

तुकडे जोडणं म्हणजे आखूड, सरळ शिवणी, त्याही शेकड्यांनी. अडीच इंचांच्या शिवणीत मोटरला वेग घ्यायला जागाच नसते. सुरू होते न होते तोच थांबवावी लागते आणि थांबेपर्यंत दोन-तीन टाके पुढे जाते. हँडलचं मशीन हात थांबला की जागेवर थांबतं. दुसरी गोष्ट सुईखालच्या प्लेटची. जुन्या मशीनला फक्त सरळ टाका येतो, म्हणून तिच्या प्लेटला सुईपुरतं एक बारीक गोल भोक असतं. झिगझॅग मशीनची सुई डावी-उजवी हलते, त्यामुळे तिथलं भोक रुंद ठेवावं लागतं, आणि छोट्या तुकड्याचा कोपरा पहिल्याच टाक्याला त्या भोकात ओढला जाऊन चुरगळतो. सरळ टाक्याच्या प्लेटवर हा ताप फार कमी.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सिंगरच्या बहुतेक हँडल मशीनमध्ये हँडलचा एक फेरा म्हणजे सुईचे तीन टाके. टाक्याची लांबी इंचाला बारा टाके अशी ठेवली, तर चार फेऱ्यांत एक इंच आणि एका फेऱ्यात पाव इंच शिवण होते. तुकड्यांच्या कामात मार्जिनही (शिवणीबाहेर राहणारं कापड) पाव इंचच सोडायचं असतं! म्हणजे षटकोन जोडताना जिथे कडेच्या पाव इंच अलीकडे थांबावं लागतं, तिथे खूण न करता कडेच्या एक फेरा अलीकडे थांबायचं. शेवटी कडेला गोट लावताना कोपऱ्यावरही हेच. तुमच्या मशीनचा हिशोब आधी तपासा: हँडलचा एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा आणि सुई किती वेळा खाली जाते ते मोजा. टाक्याच्या स्क्रूवर जुन्या मशीनमध्ये बरेचदा आकडे नसतात, त्यामुळे चिंधीवर शिवून इंचाला किती टाके पडतात तेही पट्टी लावून मोजावं लागेल. एकदा जमलं की स्क्रूला हात लावू नका.

आता डावा हात. पहिल्या दिवशी तो अगदी मठ्ठ वाटतो. त्याचं कारण असं की आपण कापड ढकलायला जातो. कापड ढकलायचं नसतंच. प्लेटखालचे दाते वर येतात, कापड मागे नेतात, खाली बसतात आणि रिकामे परत येतात. ही चार हालचालींची युक्ती अॅलन विल्सनची, १८५४ च्या पेटंटमधली, आणि कापड पुढे नेण्याचं काम अजूनही तीच करते. तुमच्या डाव्या हाताने फक्त दिशा द्यायची. तर्जनी आणि मधलं बोट तुकड्यावर सपाट, मशीनच्या फुटाच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) थोडं अलीकडे. अंगठा खाली किंवा बाजूला. मागून कापड ओढलंत तर सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते.

एका हाताने सांभाळता येईल इतका तुकडा आधीच तयार असला पाहिजे, खरी मेख इथे आहे. दोन तुकडे उजवी बाजू आत घेऊन नीट जुळवायचे, नखाने कड दाबायची, लांब शिवण असेल तर टाचण्या लावायच्या आणि अशा जोड्यांची चळत मशीनच्या डाव्या हाताला ठेवायची. डाव्या हाताने जोडी उचलली, फुटाखाली सरकवली, दहा फेरे, पुढची जोडी. मधे दोरा कापायचा नाही. एका जोडीनंतर दोन-तीन टाके रिकामे जाऊ द्यायचे आणि लगेच पुढची घालायची. पताकांसारखी माळ तयार होते, ती शेवटी कापायची. माळेच्या सुरुवातीला आणि शेवटी एक दुमडलेली चिंधी शिवायची, म्हणजे सुरुवातीचा दोऱ्याचा गुंता झालाच तर चिंधीवर होतो आणि सुई कधी रिकाम्या प्लेटवर राहत नाही. खूप जुन्या मशीनना उलटा टाका नसतो, याची काळजी करू नका. प्रत्येक शिवण पुढे दुसऱ्या शिवणीखाली आडवी बांधली जाणार आहे. टाका बारीक असला की तेवढं पुरतं.

लांब पट्ट्या असतील तर वीतभर शिवा, थांबा, सुई कापडात खाली ठेवा, हँडल सोडून दोन्ही हातांनी पुढचं जुळवा, पुन्हा फिरवा. कापडाचा भार टेबलाखाली लोंबू देऊ नका, तो सुईला खेचतो. आणि बसण्याची उंची बघा. मशीनच्या लाकडी बैठकीमुळे शिवण्याची जागा टेबलापेक्षा बरीच वर येते. नेहमीच्या टेबलावर खांदा उचलून हँडल फिरवलंत तर तासाभरात मान धरेल. टेबल ठेंगणं हवं नाहीतर खुर्ची उंच. कोपर अंगाजवळ, हँडलची मूठ सैल. (तुम्ही डावखुरे असाल तर नशीबवान. बारीक काम आपोआप चांगल्या हाताकडे येतं.)

पाव इंचाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझी पहिली गोधडी तिथेच फसली. जुन्या मशीनचा फूट अरुंद असतो. त्याची कड आणि सुई यांतलं अंतर पाव इंच असेलच असं नाही. मी अंदाजाने शिवत गेले आणि शिवण साधारण एक मिलिमीटर जास्त पडत होती. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण प्रत्येक शिवणीत तो दोन्ही तुकड्यांतून जातो, म्हणजे दोन मिलिमीटर. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये एका दिशेला दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक चार मिलिमीटर लहान. असे आठ ब्लॉक एका रांगेत, मधे सात जोड: बत्तीस आणि चौदा, एकूण सेहेचाळीस मिलिमीटर. हिशोबाने कापलेल्या कडेच्या पट्ट्या साडेचार सेंटिमीटरहून जास्त उरल्या आणि मी मूर्खासारखी फीतच चुकली म्हणून परत परत मोजत बसले.

तेव्हा आधी परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबी कितीही चालेल. शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण पाव इंचापेक्षा जास्त पडतेय. बहुतेकांची पहिल्यांदा कमीच भरते, कारण दोऱ्याची जाडी आणि कापडाची घडी थोडी जागा खातात. म्हणून शिवण पाव इंचाला दोऱ्याएवढी कमी घ्यायची. अंतर सापडलं की प्लेटशेजारी चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून छोटा बांध करा. कापडाची कड त्याला टेकली की डाव्या हाताचं निम्मं काम कमी होतं. मशीनच्या पाटावर स्क्रूची भोकं असतील तर तिथे बसणारा धातूचा गाइडही मिळतो. तो उत्तम.

कापड सुती घ्या, धुऊन, इस्त्री करून. सुरुवात नऊ चौकोनांनी किंवा पट्ट्यांनी करा. त्रिकोण नंतर, त्यांची तिरकी कड उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरपी) येते, ती ताणली जाते, आणि एका हाताने ती न ताणता धरायला सराव लागतो. शिवणीचं मार्जिन एका रांगेत डावीकडे दाबलं तर पुढच्या रांगेत उजवीकडे दाबा, म्हणजे रांगा जोडताना दोन शिवणींचे उंचवटे एकमेकांत अडकून बसतात आणि कोपरे जुळतात. इस्त्री दाबायची, घासायची नाही.

मशीनकडे येऊ. आधी बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी बघा. लांबुडकी, होडीसारख्या शटलमध्ये बसणारी असेल तर ते सिंगरच्या २७, २८, १२७, १२८ यांच्या जातीचं असू शकतं (२८ आणि १२८ आकाराने लहान). गोल बॉबीन वरून ठेवायची असेल तर ६६ किंवा ९९. केसमध्ये घालून डाव्या टोकाला बसवायची असेल तर बहुधा १५. ही सगळी मशीनं या कामाला चांगली, आणि या सगळ्यांना आजची साधी घरगुती मशीनची सुई चालते. त्याहून जुनी काही मॉडेलं वेगळी सुई मागतात, म्हणून तुमची आधी ओळखून घ्या. सुई कोणत्या बाजूने ओवायची याचा घोळ सगळ्यांचा होतो. सुईला एका बाजूने लांब खाच असते; दोरा त्याच बाजूने आत जातो. सुईच्या वरचा शेवटचा दोरा-आकडा ज्या बाजूला, खाच त्या बाजूला.

मशीन जड फिरत असेल तर बहुतेक वेळा जुनं तेल आत डिंकासारखं सुकलेलं असतं. भोकाभोकांतून थोडं रॉकेल, हँडल फिरवायचं, पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि शेवटी शिलाई मशीनचंच तेल. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल चुकूनही नको, ते पुन्हा चिकट होतं. वरची सोनेरी नक्षी मात्र स्पिरिटने पुसू नका. त्यावर लाखेचं वॉर्निश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे मी वाचलं नव्हतं. माझ्या मशीनच्या पाटावरच्या वेलबुट्टीचा अर्धा भाग एका फडक्यावर उतरला, तेव्हा कळलं. नक्षी मशीनच्या तेलानेच हलकी पुसायची.

हँडल आपल्यापासून दूर फिरवायचं, म्हणजे मोठं चाक आपल्याकडे येतं. सवय होईपर्यंत हात उलटा जातो आणि उलट्या फेऱ्याने दोरा आत अडकतो. पहिल्या दोन-तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची शेपटं मागे धरून ठेवा. टेन्शन (दोऱ्याचा ताण) लावताना वर एक रंग आणि खाली दुसरा रंग घेऊन चिंधीवर शिवा. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचं टेन्शन जास्त आहे.

एका गोष्टीसाठी मी हे मशीन वापरत नाही: तिन्ही थर एकत्र शिवणं. वरचा जोडलेला थर, मधला कापूस आणि अस्तर असा गठ्ठा फुटाखालून न्यायला दोन्ही हात लागतात. शिवाय साधा फूट वरचं कापड पुढे ढकलत राहतो आणि दाते खालचं ओढत राहतात, त्यामुळे चुण्या पडतात. लहान मुलाच्या दुपट्याएवढं काम होतं, मोठं पांघरूण मशीनच्या हाताखालच्या जागेत मावतही नाही. ते मी हाताने धावदोऱ्याने घेते, किंवा घाई असेल तर ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याच्या गाठी मारते. गोट मात्र पुन्हा मशीनवर लावते, कोपऱ्याला एक फेरा अलीकडे थांबून. तुम्हाला थर एकत्र शिवणंही मशीनवरच करायचं असेल, तर इलेक्ट्रिक मशीनचा विचार करायला ते एक खरं कारण आहे. तुकडे जोडायला नाही.

कापड कापण्याआधी एक करा. दोरा न भरता जुनी सुई लावा, वहीचा रेघांचा कागद फुटाखाली ठेवा आणि डाव्या हाताने रेघेवरून शिवा. भोकं रेघेवर पडली की नाही ते लगेच दिसतं. मला चौथ्या कागदावर जमलं.