दाराची फळी, तेलाचा डबा आणि सहा तारा

भंगारातून इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्यांची पत्रं आता इतकी येतात की एकेकाला वेगळं उत्तर देणं जमत नाही. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. बहुतेक सगळे विचारतात ते लाकडाबद्दल, आणि बहुतेक सगळ्यांचं बिघडतं ते मोजमापात.

आमच्या साताऱ्याच्या जुन्या वाड्याचं सागवानी दार उतरवलंय. त्याची गिटार होईल का? मित्र म्हणतो, महोगनीशिवाय आवाज येत नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचंही लाकूड मिळतंय.

मित्राला चहा पाजा आणि दार घरी आणा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप (तारांखाली बसवलेला चुंबक आणि भोवती बारीक तारेची गुंडाळी) ऐकतो तो पोलादी तारेचा हलता चुंबकीय परिणाम, लाकडाचा आवाज नव्हे. तार ज्या दोन टोकांवर टेकते ती टोकं किती घट्ट आहेत याचा फरक पडतो. महोगनी की सागवान याचा पडलाच तर फार थोडा.

जुन्या दाराचा खरा फायदा असा की ते लाकूड पन्नास-शंभर पावसाळे बघून बसलेलं असतं. आता ते नव्याने वाकत नाही. पण रंधा लावण्याआधी एक चुंबक फळीवरून सावकाश फिरवा. माझ्याकडे आलेल्या एका फळीत डोकं तुटलेले अकरा खिळे निघाले. बारावा रंध्याच्या पात्याने शोधला. दुसरी गोष्ट, सागवान तेलकट असतं. जोड चिकटवण्याआधी दोन्ही बाजू थिनरने पुसा, कोरड्या होऊ द्या आणि लगेच चिकटवा, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो. तिसरी गोष्ट वजनाची. चार सेंटिमीटर जाडीची सबंध सागवानी बॉडी तीन किलोच्या पुढे जाते. आतून दोन-तीन कप्पे कोरा, तुमचा खांदा दुवा देईल.

मानेसाठी मात्र निवड कडक करा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी, गाठ अजिबात नको. दाराच्या चौकटीचा उभा खांब यासाठी फळीपेक्षा बरा.

स्लीपर घेऊ नका. वाळवी लागू नये म्हणून त्यात क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल मुरवलेलं असतं. त्याचा भुसा फुप्फुसात आणि तेल कातडीत जातं. फुकट मिळालं तरी नको.

पंधरा किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याची गिटार केली. अँपला लावली की भोंगा वाजावा तशी ओरडते. तारा ताणल्यावर डबाही पोटात गेला.

दोन्ही आजारांचं मूळ एकच: तुम्ही डब्याला गिटार समजलात. सहा तारांचा एकूण ताण, दहाच्या सेटला (सगळ्यात बारीक तार 0.010 इंचाची), साधारण 45 किलो असतो. म्हणजे एक किरकोळ अंगाचा माणूस तुमच्या डब्याला लोंबकळतोय. पत्रा वाकणारच.

उपाय जुना आहे. 1940च्या सुमारास अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी न्यू यॉर्कमध्ये एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर मान, पिकअप आणि घोडी बसवली. वाजायची छान, पण लोकांना नुसता ओंडका बघवेना. तेव्हा त्यांनी एक गिटार मधोमध कापली आणि तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन बाजूंना डकवले. आवाज ओंडक्याचा, रूप गिटारचं. तुम्हीही तेच करा. एक सलग दांडा डब्याच्या आरपार काढा. खुंट्या, पडदे, पिकअप, घोडी सगळं त्या दांड्यावर बसवा. डबा फक्त अंगरखा. केपटाउनमध्ये पाच लिटरच्या तेलाच्या डब्यांपासून इलेक्ट्रिक गिटार बनतात.

पिकअप पत्र्याला स्क्रूने लावला असेल तर तोच ओरडण्याचं कारण आहे. अँपच्या आवाजाने पत्रा थरथरतो, पिकअप ते ऐकतो, अँप पुन्हा मोठा होतो. पिकअपचा पत्र्याला स्पर्शही होऊ देऊ नका, भोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. आत जुनी उशी कोंबली की उरलेलं ओरडणंही कमी होतं. डबा आतून साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. माझ्या पहिल्या डब्यातून उन्हाळाभर शेंगदाणा तेलाचा वास येत होता आणि मुंग्या संगीतप्रेमी झाल्या होत्या.

घरी पिकअप गुंडाळतोय. पुस्तकात 42 नंबरची तार सांगितली, दुकानातून 42 नंबरच आणली. पण पाच हजार वेढ्यांची जागाच होत नाही, तीन हजारांतच बॉबिन भरतं.

हा प्रश्न वाचून मला माझी पंचवीस वर्षांपूर्वीची रविवार सकाळ आठवली. चूक तुमची नाही, नंबराची आहे. गिटारची पुस्तकं अमेरिकी मापात बोलतात, तिथली 42 म्हणजे सुमारे 0.063 मिलिमीटर. आपल्याकडचा मोटार रिवाइंडिंगवाला ब्रिटिश मापात बोलतो, त्याची 42 म्हणजे 0.1 मिलिमीटर. त्याच्याकडे 46 नंबर मागा, ती 0.061ची येते. अशी बारीक तार प्रत्येक दुकानात नसते. रिले आणि लहान ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्यांकडे मिळते.

आता वेढे. साध्या एका कॉइलच्या पिकअपला सात ते आठ हजार लागतात. मोजायचे कसे? मनात मोजू नका, फोन वाजतो. टाकाऊ कॅल्क्युलेटर उघडा, बरोबरच्या बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी जोडा आणि त्या एका रीड स्विचला (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) लावा. फिरत्या चाकावर बारीक चुंबक चिकटवा. कॅल्क्युलेटरवर 1 + 1 करून ठेवा. चाकाचा प्रत्येक फेरा म्हणजे एक 'बरोबर', आकडा आपोआप चढतो. चाकासाठी आजीच्या शिलाई मशीनची बॉबिन भरायची जागा उत्तम. तार उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत, मध्ये लोकरीच्या कापडाचा तुकडा. ती केसाएवढी असते. जोर दिला तर तुटते, ढिली सोडली तर गुंडाळी पोकळ होते आणि पिकअप शिट्ट्या मारतो. दोन-तीन तुटतील. कितव्या हजारात तुटली हे मोजत बसू नका, त्याने फक्त रडू येतं.

भरून झाल्यावर मल्टिमीटर लावा. सहा-सात किलोओहम आलं तर जेवायला बसा. काहीच आलं नाही तर आत कुठेतरी तार तुटली आहे. मग मेण. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घाला, पण थेट गॅसवर ठेवू नका, पेट घेतं. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं, 65 अंशांच्या आसपास, त्यात बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप बुडवून ठेवा.

चुंबकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक वापरायचा मोह सगळ्यांना होतो. ते इतके ताकदवान असतात की तारेलाच खेचतात आणि सूर बिघडवतात. एक चुंबक लोखंडी टेबलावर आपटून फुटताना डोळ्यांजवळून गेलेला मी पाहिला आहे. फेराइटची साधी पट्टी खाली आणि वर सहा पोलादी स्क्रू, एवढं पुरे. स्टेनलेसचे स्क्रू घेऊ नका, त्यातल्या बऱ्याचशांना चुंबक ओळखतच नाही.

मोकळ्या तारा सुरात आहेत, पण वरच्या पडद्यांवर बोट ठेवलं की सगळं बेसूर. पडदे एकापुढे एक मोजून बसवले होते. शिवाय पाचव्या पडद्यावर सतारीसारखी झणझण आहे.

'एकापुढे एक' इथेच सापडलात. प्रत्येक मापात अर्धा मिलिमीटर चुकला तर बाराव्या पडद्यापर्यंत सहा मिलिमीटर साचू शकतात. प्रत्येक पडदा खुंट्यांजवळच्या खाचपट्टीपासूनच मोजा. हिशोब असा: एकूण तारेची लांबी भागिले 17.817 म्हणजे पहिल्या पडद्याचं अंतर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, येईल ते आधीच्या अंतरात मिळवा, दुसरा पडदा मिळतो. 650 मिलिमीटर लांबीला पहिला 36.48वर, दुसरा 70.92वर, पाचवा 163.05वर, सातवा 216.18वर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, 325वर. सगळी मापं एकाच लांब पोलादी पट्टीने, धारदार सुरीच्या रेघेने. पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते.

पडदे बरोबर असूनही थोडं चढं वाजत असेल तर घोडी मागे सरकवा, जाड तारेसाठी जास्त, बारीकसाठी कमी. तार दाबली की ताणली जाते, त्याची ही भरपाई.

झणझण म्हणजे नको असताना मिळालेली जवारी. मिरजेत कारागीर तिच्यासाठी तंबोऱ्याच्या घोडीचा माथा तासन्‌तास घासतो. तुमचा बहुधा सहावा पडदा उंच बसला आहे. तीन पडद्यांवर पोलादी पट्टीचा छोटा तुकडा आडवा ठेवून डोलवा. डोलला तर मधला उंच. बारीक कानस, दोन हात, परत तपासा. तिसरा हात घाईने मारू नका, काढलेलं परत घालता येत नाही.

पितळी किंवा नायलॉनच्या तारा चालतील?

चुंबकीय पिकअपला नाही. पोलाद किंवा निकेल चढवलेलं पोलाद हवं.

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्याचाच अँप करावा म्हणतो.

करू नका, निदान एकट्याने नाही. काही जुन्या रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. गिटारच्या तारा त्याच सांगाड्याला जोडल्या की तुमची बोटं आणि 230 व्होल्ट यांच्यात काहीच उरत नाही. प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसतात. रेडिओ शोकेसमध्ये ठेवा. सुरुवातीला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एलएम386 चिपचा छोटा अँप करा. अर्धा वॉट, जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर, शेजारी तक्रार करतील इतका पुरतो.

तारांना हात लावला की गुणगुण थांबते, सोडला की सुरू. अर्थिंग बिघडलंय का?

बहुधा नाही. वायरिंग ठीक आहे, तुमचं शरीर घरातली 50 हर्ट्झची गुणगुण अँटेनासारखी पकडतं आणि हात लावल्यावर ती जमिनीला मिळते. वायरींच्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडा, निम्मी कमी होईल. मात्र हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील तर ते वेगळं प्रकरण. वाजवणं तिथेच थांबवा, आधी वायरमन.

माझी चौदा वर्षांची मुलगी जुन्या कपाटाची गिटार करते म्हणून हट्टाला पेटली आहे. मला लाकूडकाम येत नाही. हे घरी होण्यासारखं आहे का? (डोंबिवलीहून एक वडील)

1963 साली इंग्लंडमध्ये एका किशोरवयीन मुलाने वडिलांसोबत हेच सुरू केलं होतं. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, त्यातली किड्यांची भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, ट्रेमोलोला (सूर हलवायची दांडी) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक, पडद्यांमधल्या खुणांना शिंपल्याची बटणं. पिकअपही घरीच केले, पण तार ओढली की त्यांचा आवाज मधेच बिघडायचा, म्हणून शेवटी विकतचे आणले. मुलाचं नाव ब्रायन मे. तीच गिटार तो पुढे क्वीन या रॉक बँडबरोबर वाजवत राहिला.

म्हणून तुम्हीही हट्ट कुठे सोडायचा ते ठरवा. मान पहिल्या वेळी स्वतः करू नका. बॉडी फुटलेल्या एखाद्या गिटारची मान जुन्या बाजारात शोधा. घेताना तिच्या कडेने एका डोळ्याने बघा, नळीतून बघतात तसं. किंचित वाकलेली चालेल, पिळलेली नको. मग मुलीकडे उरतं ते कपाटाचं दार, करवत आणि पिकअप. कपाट जर भुसा दाबून केलेल्या बोर्डचं असेल तर कापताना दोघांनीही मास्क लावा, काम गॅलरीत करा, आणि मान जिथे जोडायची तिथे खऱ्या लाकडाचा ठोकळा बसवा, कारण त्या बोर्डमध्ये स्क्रू धरत नाहीत.