पंच कार्ड, क्लाउड आणि मसाला मार्केटमधला गाळा

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, बीएमएसच्या (व्यवस्थापनाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला डेटा साठवणुकीचा इतिहास आहे : पंच कार्ड (भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड), चुंबकीय टेप, डिस्क, क्लाउड. सालं पाठ करते आणि परीक्षा झाली की विसरते. आता सगळं क्लाउडवर असताना हे कशाला शिकायचं? प्रोजेक्टही द्यायचा आहे. बाबांचा तुर्भ्याला मसाला मार्केटमध्ये गाळा आहे, त्यावर काही करता येईल का?

उत्तर : सालं सध्या बाजूला ठेव. प्रत्येक साधनापुढे एवढंच लिही, की ते आल्यावर धंद्यातलं कोणतं अडलेलं काम होऊ लागलं.

शिकवायला लागण्याआधी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ईडीपी म्हणजे संगणकावर हिशेब करणाऱ्या विभागात होते. पगाराचा हिशेब टेपवर. टेप पहिल्या नोंदीपासून क्रमानेच वाचावी लागते. म्हणून महिनाभराचे बदल साठवायचे, कर्मचारी क्रमांकाने लावायचे आणि रात्री एका दमात पगार काढायचा. दुपारी एखादा कामगार खिडकीशी येऊन ‘माझी रजा किती उरली?’ विचारी. उत्तर टेपवर असे, पण एका माणसासाठी अख्खी टेप कोण फिरवणार? त्याला ‘उद्या या’ सांगावं लागे.

ही अडचण डिस्कने सोडवली. 1956 साली आयबीएमने आणलेल्या रामॅक या संगणकाच्या डिस्कमध्ये 50 तबकड्या होत्या आणि जागा फक्त 50 लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या एक-दोन फोटोंएवढी. पण हव्या त्या नोंदीपाशी थेट जाता येऊ लागलं. 1985 साली दिल्लीत रेल्वेचं आरक्षण संगणकावर आलं, तेव्हा खिडकीवरचा कारकून ‘या गाडीत आत्ता जागा आहे का?’ याचं उत्तर तिथल्या तिथे देऊ शकला. टेपवर ते जमलंच नसतं.

मग 1970 : आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध. (नवी मुंबई वसवणारी सिडकोही त्याच वर्षी स्थापन झाली, म्हणून आपल्याकडच्या मुलांना हे साल लक्षात राहतं.) त्यांचा आग्रह असा, की माहिती आत कशी ठेवली आहे हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. नोंदी साध्या तक्त्यांत ठेवा, कोणता प्रश्न येणार हे आधी ठरवू नका. मला विचारशील तर अख्ख्या अभ्यासक्रमात हे पान सर्वांत मोलाचं आहे, आणि तुझा प्रोजेक्ट इथूनच सुरू होतो.

गाळ्यातली उधारी घे. पाच तक्ते पुरतील : ग्राहक, माल, बिल, बिलातल्या ओळी आणि जमा. बिलातल्या ओळी वेगळ्या का? एकाच बिलात जिरं, धणे, हळद असे कितीही माल येतात. ग्राहकाचा पत्ता प्रत्येक बिलात पुन्हा का लिहायचा नाही? तो कल्याणहून भिवंडीला गेला तर एकाच जागी बदलता यावा म्हणून. यालाच, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवण्याला, नॉर्मलायझेशन म्हणतात; त्याची व्याख्या यानंतर वाच, पाठ करावी लागणार नाही.

खरी कसोटी जमेच्या तक्त्यात आहे. एका ग्राहकाची तीन बिलं थकली आहेत आणि त्याने 20,000 रुपये पाठवले. ते कोणत्या बिलात वळते करायचे? सर्वांत जुन्या की तो सांगेल त्या? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करताना ‘अगेन्स्ट रेफरन्स’ (ठरावीक बिलापोटी) की ‘ऑन अकाउंट’ (बिल न ठरवता खात्यावर) असं विचारतात ते याचसाठी. यावर कोणती उधारी किती दिवसांची हे ठरतं, आणि पुढचा माल द्यायचा की नाही हेही. याचं उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, ते बाबांच्या व्यवहाराच्या रीतीत आहे. शनिवारी गाळ्यावर बस, मुनीमजींनाही विचार, आणि ती रीत त्यांच्याच शब्दांत लिहून घे. प्रोजेक्टचं पहिलं प्रकरण तेच.

क्लाउडबद्दल थोडक्यात. 2006 साली ॲमेझॉनने एस-थ्री ही इंटरनेटवरून साठवणुकीची सेवा सुरू केल्यावर साठवणुकीची जागा विकत न घेता वापरू तेवढे पैसे देऊन मिळू लागली. लहान धंद्याला आधी भांडवल घालावं लागत नाही, हा यातला मोठा बदल. आत मात्र बहुतांशी डिस्कच फिरतात आणि जुन्या, क्वचित लागणाऱ्या नोंदींसाठी टेप आजही वापरतात. ऐरोली, रबाळे, महापे भागात अशी डेटा सेंटर्स आहेत, तुझ्या घराच्या आसपासच.

एक काळजी नक्की घे. कॉलेजात देताना ग्राहकांची खरी नावं आणि फोन नंबर काढून टाक, रकमाही बदल. बाबांची परवानगी आधी घे. तक्ते तयार झाले की ‘60 दिवसांवरची उधारी कोणाकडे?’ हा प्रश्न एसक्यूएलमध्ये (तक्त्यांना प्रश्न विचारायच्या भाषेत) लिहून बघ आणि आलेली यादी मुनीमजींच्या खतावणीशी ताडून पाहा. फरक दिसला तर जमेच्या नोंदी आधी तपास.