तारवटी आजोबा कुठे शोधायचे?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचे आजोबा बी. आय. (ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन) कंपनीच्या बोटीवर स्टुअर्ड होते. घरी त्यांची नळी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचे कागद आहेत, अर्धे वाळवीने खाल्लेले. ‘करंजा’ युद्धात बुडाली तेव्हा ते तिच्यावर होते, असं थोरले काका म्हणतात. आजीला मात्र 1950 नंतरही त्यांच्या मनीऑर्डरी येत होत्या. मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत नाव शोधलं, काही मिळालं नाही. पुढे काय करावं? — एक वाचक, कुंकळ्ळी

उत्तर : नाव मिळणं कठीणच होतं. जहाजांच्या स्तंभात बोट कधी आली, कधी सुटली, कप्तान कोण आणि वरच्या वर्गाने कोण साहेब-मडमा आल्या, एवढंच छापत. स्टुअर्ड, भंडारी (स्वयंपाकी), खलाशी यांची नावं आलीच तर अपघाताच्या चौकशीत, नाहीतर कोर्टाच्या बातमीत. सरळमार्गी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा माणूस, वर्तमानपत्रात सहसा सापडत नाही. म्हणून आधी बोट शोधायची, मग माणूस.

आता नळी घ्या. गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवायचे म्हणून त्या कागदांना हे नाव पडलं, असं सांगतात. चिकटलेली पानं ओढू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खोलीत अंधार करून टॉर्च एका कडेने, पानाला जवळजवळ टेकवून धरा आणि फोटो काढा. शाई उडाली असली तरी टाकाच्या निबाने कागदावर पाडलेली खोच तिरक्या उजेडात दिसते.

प्रत्येक नोंदीत बोटीचं नाव, नोंदणीचं बंदर, टनेज, भरतीची आणि सुटकेची तारीख व ठिकाण, हुद्दा आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा असतो. ‘व्हेरी गुड’चा शिक्का ठसठशीत, त्यामुळे घरोघरी फोटो त्याचाच काढलेला असतो. कामाचा आकडा असतो बोटीच्या नावाजवळ : तिचा अधिकृत क्रमांक. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक बोटीला असा स्वतंत्र क्रमांक मिळे आणि नाव बदललं तरी तो बदलत नसे.

तुमचं कोडंही त्यानेच सुटेल, कारण ‘करंजा’ दोन होत्या. 1931ची करंजा नोव्हेंबर 1942मध्ये अल्जीरियातल्या बूजी बंदरात विमानांच्या बॉम्बहल्ल्यात गेली. 1948मध्ये कंपनीने त्याच नावाची नवी बोट आणली, ती मुंबईहून पूर्व आफ्रिकेच्या फेऱ्या करायची. मनीऑर्डरी दुसरीवरून आल्या असतील. काकांचं म्हणणंही तेवढ्याने खोटं ठरत नाही, बुडालेल्या बोटीवरून वाचलेली माणसं पुन्हा भरती होतच. नळीतल्या नोंदींचे क्रमांक आणि तारखा लावून पाहा.

क्रमांक हाती आला की खलाशांचे करारनामे, म्हणजे क्रू लिस्ट. 1863 ते 1938 मधल्या साधारण दहा टक्के याद्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. 5 ने संपणाऱ्या वर्षांच्या उरलेल्या बहुतेक ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि सुमारे सत्तर टक्के थेट न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात. 1951 ते 1976 पर्यंतच्या बऱ्याच याद्याही तिथेच आहेत, तुमच्या मनीऑर्डरींचा काळ त्यात येतो. युद्धकाळातल्या व्यापारी बोटींच्या याद्या क्यूला बीटी 381 या मालिकेत आहेत. ईमेलने प्रती मागवता येतात, शुल्क भरावं लागतं, म्हणून नेमकी बोट आणि नेमकं वर्ष कळवा.

वर्षाचाच घोळ फार होतो. यादी सफर संपली त्या वर्षात लावलेली असते. डिसेंबर 1934मध्ये मुंबईहून निघालेली बोट मार्चमध्ये परतली असेल, तर कागद 1935च्या गठ्ठ्यात. शिवाय गोव्याची आणि रत्नागिरीची माणसं बहुधा लास्करांच्या (ब्रिटिश बोटींवरच्या आशियाई खलाशांच्या) वेगळ्या करारावर असत. तो कागद जोडलेला नसेल तर मुख्य यादीत त्यांची नावं नसतात. अशा वेळी त्याच बोटीची आधीची आणि नंतरची सफर मागवा.

नावाचंही सैल धरा. फर्नांडिसच्या शेवटी एस असेल किंवा झेड. डिसोझा डी खाली, नाहीतर एस खाली. हिंदू खलाशाच्या आडनावाच्या जागी बापाचं नाव किंवा गाव. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘पोर्तुगीज’ किंवा नुसतं ‘गोवा’. शोधताना ‘इंडिया’ची चाळण लावली की माणूस तिथेच गळतो.

मग वर्तमानपत्राकडे परता. भरतीच्या तारखेनंतरच्या आठवड्याभरात बोट सुटल्याची ओळ सापडते. बोटीचं नाव देशाचं किंवा शहराचं असेल तर त्याआधी ‘एस. एस.’ लावून शोधा, नाहीतर ‘इजिप्त’ शोधताना सगळं परराष्ट्र राजकारण वाचत बसाल.

प्रश्न : गोव्यातल्या पोर्तुगीज वर्तमानपत्रांत काही मिळतं का? — एक वाचिका, म्हापसा

उत्तर : मिळतं, पण जहाजाच्या नव्हे, घरच्या बाजूने. 1900मध्ये निघालेला ‘ओ हेराल्दो’ 1983पर्यंत पोर्तुगीजमध्ये होता. त्यात आणि त्याआधीच्या पत्रांत निधनवार्ता, मिसेच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) सूचना, आभाराच्या जाहिराती पाहा. तारवट्याला तिथे ‘एम्बार्कादिसु’ किंवा ‘त्रिपुलांत’ आणि बोटीला ‘व्हापोर’ म्हटलेलं असतं.

आमच्या मते त्याहून जास्त हाती लागतं ते सरकारी ‘बोलेतीं’त, म्हणजे राजपत्रात. वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीत गैरहजर वारसाला हजर राहायला सांगणारी ‘एदितु’ म्हणजे जाहीर नोटीस छापत. ‘मुंबईत’ किंवा ‘ठावठिकाणा अज्ञात’ असलेला वारस पुष्कळदा बोटीवरचाच. तिथे बायकोचं नाव, वाडा (गावातली वस्ती), भावंडं एकत्र मिळून जातात. सुरुवात पणजीत पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागापासून करा. घरातल्या मृत्यूचं वर्ष माहीत असेल तर त्या वर्षापासून पुढची दोन-तीन वर्षं चाळा, वाटण्या लगेच होत नसत.

प्रश्न : पणजोबांचे भाऊ ‘पर्शिया’ बोटीबरोबर गेले म्हणतात. पुरावा कुठे असेल? — एक वाचक, वास्को

उत्तर : पी. अँड ओ. कंपनीची ‘पर्शिया’ 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत संकेतस्थळावर नावाने नव्हे, या तारखेने शोधा आणि स्मारकाच्या रकान्यात ‘बॉम्बे 1914-1918’ निवडा. नोंदीत बोटीचं नाव असतं, हुद्दा आणि वडिलांचं नावही पुष्कळदा असतं. हे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

त्याच वर्षाच्या क्रू लिस्टची साडेसात लाखांहून जास्त नावं ग्रीनिचने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. दोन्हीकडे नाव सापडलं तर वय आणि गाव ताडून पाहा. एकाच नावाची दोन-तीन माणसं एकाच बोटीवर असणं सासष्टी-बार्देशात मुळीच नवलाचं नाही.