अ‍ॅपवर पाऊस होता, वावरात नव्हता

प्रश्न: मावशी, मी मिहानमध्ये आयटीत आहे, राहतो मानेवाड्याला, वावर काटोलकडे सहा एकर, ते बाबा करतात. दिवसभर डेटातच असतो म्हणून पेरणीतही मीच डोकं लावलं. मागच्या जूनमध्ये तिन्ही अ‍ॅपवर आठ दिवस पाऊस दाखवत होता, बाबा म्हणे ओल अजून खाली गेली नाही, थांबू, पण मी घाई केली. सरकी टोबली आणि पावसानं अठरा दिवस तोंड दाखवलं नाही. दुबार पेरणी आली. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. नवीन पाकीट फोडलं, मूठभर सरकी कपाळाला लावली, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि वाकले कामाला. इतकं शांत कसं राहता येतं? मी आता रात्री दोनला उठून रडार बघतो. देवावर सोडणं म्हणजे हात टेकणंच ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: बेटा, डेटा बघितला यात तुझं काहीच चुकलं नाही. वादळाचा इशारा वेळेत मिळतो म्हणून किनाऱ्यावरची लाखो माणसं वाचतात, त्या अभ्यासाला मी हात जोडते. चुकलं ते इतकंच की अंदाजाला तू वचन समजला. २००९ च्या एप्रिलमध्ये हवामान खात्यानं सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ७८, देशभर दुष्काळ. २०१९ च्या एप्रिलमध्येही ९६ च सांगितला, पडला ११०. आकडा तोच, पण एका वर्षी चाऱ्यासाठी वणवण आणि एका वर्षी वावरात पाणीच पाणी. १९९७ ला एवढा मोठा एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला पाऊस बऱ्याचदा घटतो ते, सगळे धास्तावलेले, तरी पाऊस १०२ टक्के. आणि खातं स्वतःच एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के इकडेतिकडे होईल असं लिहितं, तेही अख्ख्या देशाच्या चार महिन्यांचं, तुझ्या सहा एकराचं नाही. आपल्या नागपुरातलंच बघ ना, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, कोरड्या घरात झोपलेली माणसं पाण्यात जागी झाली.

आता देवाचं. माझी आई आजारी होती तेव्हा डॉक्टर म्हणाले नव्वद टक्के चान्स आहे, काळजी करू नका. मी ते नव्वद धरून बसले होते. आई गेली. त्या संध्याकाळी मी टेकडी गणपतीच्या पायऱ्यांवर बसले, हातात आईची चष्म्याची डबी, मागायला काही उरलंच नव्हतं, तरी उठावंसं वाटेना. कोणीतरी जवळ बसलंय असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचा स्वयंपाक केला बेटा, ते बळ माझं नव्हतं. म्हणून सांगते, देव तुला पाऊस कधी येणार ते सांगणार नाही, त्याला चौथं अ‍ॅप करू नको. पाऊस आला नाही तरी तो तुला सोडत नाही, माझा भरवसा तेवढ्यावर आहे आणि तो मला पुरतो.

आणि हात टेकणं म्हणतोस, तर तूच लिहिलंय की बाबा वाकले! हात टेकलेला माणूस दुसरं पाकीट फोडत नाही. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत म्हणतात, त्यांना विठ्ठल वाफ्यातच भेटला, तुझे बाबा त्याच वाटेचे दिसतात मला.

यंदा पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, कृषी खातंही हेच सांगतं, आणि ओल मुठीत दाबून कशी बघायची ते बाबांकडून शिकून घे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आणि सरकी कपाळाला लावताना ते काय म्हणतात ते एकदा विचार त्यांना, मला पण कळव.